मोबाइलवरचा जुगार सोडवायचा कसा: पैशाची वाट, कर्जाची वही आणि दवाखाना

‘जबाबदारीने खेळा, मर्यादेत खेळा’ ही ओळ रमीच्या आणि फॅन्टसी क्रिकेटच्या जाहिरातींत आपण वर्षानुवर्षं वाचली, ऐकली. ऑगस्ट २०२५ पासून परिस्थिती बदलली आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २० ऑगस्टला लोकसभेत आणि २१ ऑगस्टला राज्यसभेत मंजूर झाला. २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा जुना वाद या कायद्याने बाजूला ठेवला: पैसे लावून पैसे मिळवायचे असतील तर तो खेळ चालवणंच गुन्हा. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. मोठ्या कंपन्यांनी त्याच महिन्यात पैशाचे डाव बंद केले.

या कायद्यातली एक गोष्ट घरच्यांनी नीट लक्षात ठेवावी. केवळ खेळला म्हणून खेळणाऱ्याला यात शिक्षा नाही. त्यामुळे ‘डॉक्टरला सांगितलं तर पोलीस केस होईल’ या भीतीने दवाखाना टाळू नका.

मग आता चालू आहे ते काय? व्हॉट्सअ‍ॅपवर मिळणारी सट्ट्याच्या साइटची ‘आयडी’, टेलिग्रामच्या ग्रुपमधली लिंक, विमान उडवण्याचा खेळ, पुढचा रंग लाल की हिरवा यावर पैसे लावायचं ‘कलर ट्रेडिंग’, गल्लीतल्या दुकानातली ऑनलाइन चक्री. यातलं बरंचसं परदेशातून किंवा कुणाच्या तरी भाड्याच्या बँक खात्यांवर चालतं. तिथे तुमची मर्यादा पाळणारं कुणी नाही, तक्रार ऐकणारं कुणी नाही. म्हणून आज जबाबदारीने खेळण्याची मर्यादा किती, असं मला कुणी विचारलं तर उत्तर शून्य रुपये. करमणुकीसाठी फुकट रमी खेळणाऱ्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मात्र ज्याचे एकदा पैसे अडकलेत, त्याने फुकटचा डावही काही काळ बाजूला ठेवावा. पत्ते तेच, पडदा तोच, आणि हात पुन्हा तिकडेच वळतो.

हा लेख मुख्यतः घरच्यांसाठी आहे: बायको, भाऊ, आईवडील, मेहुणा. खेळणाऱ्याने स्वतः वाचला तर फारच चांगलं.

आधी ओळखा

जुगाराचं व्यसन हा मानसिक आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याची नोंद आहे आणि त्या यादीची नवी आवृत्ती २०२२ च्या जानेवारीपासून लागू झाली. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्याला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्याच गटात घेतलं. त्यांच्या नऊ खुणा आहेत आणि वर्षभरात चार दिसल्या तर आजार मानतात. साध्या भाषेत त्या अशा: पूर्वीइतकी मजा यायला रक्कम वाढवत न्यावी लागते, बंद करायला गेलं की चिडचिड होते, सोडायचे प्रयत्न फसतात, डोक्यात दिवसभर तेच असतं, मन खचलं की माणूस खेळाकडे वळतो, हरलेलं काढायला दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतो, खोटं बोलतो, नातं, नोकरी किंवा शिक्षण पणाला लागतं, आणि देणं भागवायला दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघायची वेळ येते.

घरात मात्र हे वेगळ्या रूपात दिसतं. बचत गटाचा हप्ता भरायला दिलेले पैसे ‘भरले’ म्हणून सांगितलेले असतात आणि बैठकीत थकबाकीत नाव निघतं. सोनं गहाण पडल्याची पावती कपाटात सापडते. ऐन मोसमात माणूस शेतात असतो पण फोन चार्जिंगला लावायला दर दोन तासाला घरी येतो. रात्री बाथरूममध्ये अर्धा तास.

शंका असेल तर एक काम करा: बँकेचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि पेन घेऊन बसा. एका घरातलं असं स्टेटमेंट मी शेजारी बसून वाचलं आहे. मोठी रक्कम कुठेच दिसत नव्हती. रात्री साडेअकरा ते दोनच्या मध्ये ३००, ५००, ५००, १०००, २००० अशा ओळी होत्या आणि पैसे घेणाऱ्यांची नावं प्रत्येक वेळी वेगळी. कुठलं तरी किराणा दुकान, कुठली तरी ट्रेडर्स, कुठल्या तरी परक्या बाईचं नाव. दूरच्या राज्यातल्या किराणा दुकानात रात्री एक वाजता आपला माणूस काय घेत असेल? ही भाड्याची खाती असतात. मधेच एखाद्या दिवशी ४,००० जमा दिसतात आणि त्याच रात्री ते परत गेलेले असतात. अशा ओळींवर खूण करत गेलं आणि शेवटी बेरीज मांडली की घरच्यांचा संशय संपतो. आरडाओरडीची गरजही तिथेच संपते, कारण कागद समोर असतो.

‘डबल करत गेलं की निघतातच’ या हिशोबाचं काय?

खेळणारा मनाने वाईट नसतो, बऱ्याचदा बुद्धीनेही चांगला असतो. त्याच्याकडे एक पद्धत असते आणि तिच्यावर त्याचा खरोखर विश्वास असतो. सगळ्यात जास्त चालणारी पद्धत दुप्पट लावायची. १०० लावा, हरलात तर २००, मग ४००. कधीतरी जिंकणारच, आणि जिंकलं की सगळं निघून वर १०० मिळणार.

कागदावर मांडून दाखवा. सलग आठ डाव हरले तर १००, २००, ४०० करत एकूण २५,५०० गेले. नववा डाव २५,६०० चा, आणि तो जिंकला तर हातात पडणार वरचे १००. लाल-हिरव्यात जिंकण्याची शक्यता अगदी निम्मी धरली तरी आठ वेळा सलग हरणं २५६ मध्ये एकदा होतं. म्हणजे २५५ वेळा शंभर-शंभर मिळवून २५,५०० जमले आणि एका फेरीत २५,५०० गेले. बरोबरी. एका मिनिटाला एक डाव असेल तर ती फेरी साधारण आठ-नऊ तासांच्या खेळात एकदा येते. वर अ‍ॅपवाला प्रत्येक डावात आपली कटिंग घेतो आणि निकालही त्याच्याच सर्व्हरवर लागतो, त्यामुळे बरोबरीसुद्धा राहत नाही.

एवढं समजलं तरी तो थांबेलच असं नाही. ‘थोडक्यात हुकलं’ की मेंदूला पुन्हा खेळायची ओढ लागते आणि बक्षीस कधी येईल हे ठाऊक नसलं की ती ओढ वाढते. पण हिशोब दाखवल्याने एक होतं: ‘माझी पद्धत चुकीच्या दिवशी फसली’ ही समजूत ढासळते आणि उपचाराला जायला तो थोडा तयार होतो.

बोलायला बसताना

चारचौघांत, पंचायत बसवून, सासरच्यांसमोर हे बोलू नका. ज्याचं तो ऐकतो अशा एकाच माणसाने बोलावं. बहुतेक घरांत तो थोरला भाऊ, मामा किंवा दाजी असतो. वेळ सकाळची, पोटात काहीतरी असताना. दारू घेतलेली असेल तर तो दिवस सोडून द्या.

बोलणं साधारण असं असावं.

“गणेश, भांडायला नाही आलो. फोनवरचा डाव अन् त्यातलं देणं, दोन्ही कळलंय आम्हाला. किती झालंय तेवढं सांग.”

“भाऊ, असतील दोनेक लाख.”

“बरं. आज जेवढं आठवतंय तेवढं वहीत लिहू. उरलेलं उद्या आठवलं तर उद्या लिहू, त्याच्यावरून बोलणार नाही. एटीएम अन् फोन तेवढा आजपासून माझ्याजवळ राहू दे.”

पहिल्यांदा सांगितलेला आकडा जवळजवळ नेहमी कमी असतो. लाज असते, आणि एखादं देणं आपणच गुपचूप फेडू ही आशाही. म्हणून ‘उद्या आठवलं तर उद्या लिहू’ हे वाक्य महत्त्वाचं आहे. आकडा वाढला की पुन्हा आरडाओरडा झाला, तर तिसरी रक्कम तुम्हाला कधीच कळणार नाही आणि तीच सगळ्यात महाग व्याजाची असेल. शपथा घ्यायला लावू नका. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली की माणूस स्वतःला आणखी नालायक समजतो आणि लपवायला लागतो.

जिवाचा प्रश्न आधी

कर्ज उघडं पडल्यानंतरचे पहिले काही दिवस धोक्याचे असतात. ‘माझ्यामुळे तुम्ही बुडालात’, ‘मी नसलो तर सुटाल’ असं तो म्हणाला, वस्तू वाटून टाकायला लागला, न सांगता निघून गेला, तर ते नाटक समजू नका. सरळ विचारा, “जीव द्यायचं मनात येतंय का?” विचारल्याने तसं मनात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं ठेवू नका. फवारणीची औषधं घरातून आणि शेतातल्या आखाड्यावरून हलवून शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा. हे आजच करा.

टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची मोफत फोनसेवा आहे: १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६. चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं आणि घरच्यांनीही फोन केला तर चालतो. काही घडलंच तर १०८ ला रुग्णवाहिका बोलवा. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर ‘केस होईल’ म्हणून दवाखान्यात न्यायला उशीर करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच मानायचं ठरवलं आहे आणि त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

पैशाची वाट बंद करणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मन बदलायला महिने लागतात, पैशाची वाट एका दिवसात बंद करता येते.

नुसतं अ‍ॅप काढून काही होत नाही. यूपीआयचा पिन एटीएम कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत टाकून दोन मिनिटांत पुन्हा बनतो, आणि बऱ्याच बँकांत आधारच्या ओटीपीवरही बनतो. म्हणून कार्ड घरातल्या दुसऱ्याकडे गेलं पाहिजे आणि शक्य असेल तर जुन्या खात्यातला पैसा एका नव्या संयुक्त खात्यात. हे खातं उघडताना बँकेत स्पष्ट सांगा की दोघांच्या सहीशिवाय पैसे निघू नयेत. ‘दोघांपैकी कुणीही’ असा पर्याय फॉर्मवर असतो, त्यावर चुकून टिक होऊ देऊ नका. दोघांच्या सहीच्या खात्यावर बँका सहसा यूपीआय देत नाहीत, आणि आपल्याला तेच हवं आहे.

जुन्या खात्यात अजून काय उघडं आहे ते बघा. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेचं पान असतं; तिथे मंजूर करून ठेवलेल्या कपाती दिसतात, त्या रद्द करा. पिन न टाकता पैसे जाणारं लाइट वॉलेट बंद करा. कार्डावर ऑनलाइन व्यवहार चालू-बंद करण्याची आणि मर्यादा घालण्याची सोय बँकांनी द्यायलाच हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२० पासून आहे. ऑनलाइन आणि परदेशी दोन्ही व्यवहार बंद करा. क्रेडिट कार्ड असेल तर ते बंद करायचा अर्ज द्या.

आता आपल्याकडची खास अडचण. पगारदाराचा पैसा महिन्याला ठरलेल्या तारखेला येतो. मराठवाड्यात बहुतेक घरांचा पैसा एकरकमी येतो, आणि सगळ्यात मोठे फटके त्याच आठवड्यात बसतात. जूनमध्ये पीककर्ज. दसऱ्याच्या आगेमागे ऊसतोडीची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीन आडतीला गेलं की त्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचे पैसे. पुढे कारखान्याचं ऊसबिल, कापूस, तूर, हरभरा. कधी पीकविम्याची रक्कम, कधी अतिवृष्टीचं अनुदान. पीएम किसानचे वर्षाला ६,००० तीन हप्त्यांत, ते आधार जोडलेल्या खात्यात थेट पडतात. उन्हाळ्यात शेतात काम नसतं, हातात वेळ असतो आणि नेमका तेव्हाच मार्चअखेरपासून आयपीएलचा मोसम.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर ह्या तारखा आधीच लिहून काढा आणि प्रत्येक रकमेसमोर लिहा: कुणाच्या खात्यात येणार, त्याच दिवशी कुठे जाणार. आडत्याला आधीच सांगा की पट्टीची रक्कम रोख न देता संयुक्त खात्यात टाकावी. शेती त्याच्या एकट्याच्या नावावर असेल तर अनुदान त्याच्याच खात्यात पडेल. त्या दिवशी सोबत जाऊन खताचं, दुकानदाराचं, सोसायटीचं देणं तिथल्या तिथे भरून या. उचल घेताना मुकादमासमोर बायकोने हजर राहावं. जोडीने कोयता चालतो, तर उचलीचा हिशोबही जोडीचाच.

त्याला खर्चाला पैसे द्यायचेच नाहीत असं करू नका. पेट्रोल-चहापुरते रोख द्या, आठवड्याचे ठरवून. पै-पैसाठी हात पसरायला लागला की माणूस गावात उसनवारी सुरू करतो. जवळच्या चार घरांत, कोपऱ्यावरच्या दुकानात आणि मित्रांत एकदाच सांगून ठेवा: “त्याला पैसे देऊ नका, दिले तर आमच्याकडे मागू नका.” सांगताना लाज वाटेल. तरी सांगा, गावाला बहुधा आधीच माहीत असतं.

फोनचं काय?

साधा बटणांचा फोन काही महिने वापरला तर उत्तम. पण कामधंद्याला, मुलांच्या शाळेच्या ग्रुपला स्मार्टफोन लागतोच. मग बेटब्लॉकर नावाचं मोफत अ‍ॅप टाका. ते जुगाराच्या हजारो साइट अडवतं आणि ठरवलेली मुदत संपेपर्यंत सहज काढता येत नाही. मुदत लांबचीच ठेवा. नवी साइट रोज निघते, त्यामुळे एखादी निसटेल, पण अर्ध्या रात्री हात गेला तर मधे एक अडसर तरी येतो. गूगलच्या ‘माय अ‍ॅड सेंटर’मध्ये जुगाराच्या जाहिराती कमी करायची सोय आहे, ती लावा. आयडी देणारे आणि टिप देणारे सगळे नंबर रिपोर्ट करून ब्लॉक करा, टेलिग्राम काढून टाका. नवीन सिम घेतलं तर आणखी चांगलं, कारण जुन्या नंबरवर ‘तुमच्या खात्यात ५०० बोनस पडला आहे’ असे मेसेज महिनोन्‌महिने येत राहतात.

कर्जाची वही

दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक देण्याला एक पान: कुणाचं, मुद्दल किती, व्याज काय दराने, काय गहाण, कुणाची सही. विसरलेली कर्जं शोधायला क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांनी वर्षातून एकदा तो फुकट द्यायचा असतो. त्यात बँका, फायनान्स कंपन्या, नोंदणीकृत लोन अ‍ॅप दिसतील. भिशी, उसने आणि सावकार दिसणार नाहीत, ते तोंडीच काढावे लागतात.

वही भरली की फेडायची घाई येते, आणि घराची मोठी चूक इथेच होते. वडील म्हणतात एक एकर काढू अन् मोकळा करू. करू नका. उपचार सुरू न होता एकदम सगळं फिटलं की त्याच्या मनावरचं ओझं जातं, पत परत येते आणि काही महिन्यांत नवी वही लागते, तेव्हा एकरही गेलेला असतो. आधी घरखर्च, शाळेची फी आणि पेरणी बाजूला काढा. मग सगळ्यात चढ्या व्याजाचं देणं. महिना शेकडा पाचने घेतलेलं सावकाराचं कर्ज वर्षाला साठ टक्के खातं. बँकेचं पीककर्ज त्याच्यापुढे थांबू शकतं. बँकेत जाऊन व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्या, हप्ते पाडून मागा. हप्ता त्याच्या कमाईतून गेला पाहिजे, आईच्या पाटल्यांतून नाही.

बुकीचं देणं वेगळं धरा. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो. पैजेत हरलेले पैसे कुणी कोर्टातून वसूल करू शकत नाही. धमकी आली तर पोलिसांना ११२ वर फोन करा.

सावकार परवान्याशिवाय धंदा करत असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली तो गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था या कार्यालयात किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे करायची. कर्जाच्या तारणासाठी जमिनीचं खरेदीखत करून द्या असं कुणी म्हणालं तर सही करू नका, ‘पैसे दिले की उलटून देतो’ या तोंडी भरवशावर तर मुळीच नाही. खत झालेलं असलं तरी त्याच कायद्यात जमीन परत मिळवण्याची तरतूद आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत मदत करतं. त्यांचा नंबर १५१००.

लोन अ‍ॅपवाल्यांचा त्रास असेल तर लक्षात ठेवा: वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करू नयेत, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं आहे. फोटो बिघडवून नातेवाइकांना पाठवायची धमकी आली तर स्क्रीनशॉट काढून सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. ‘आधी टॅक्स भरा, मग तुमची जिंकलेली रक्कम सुटेल’ असं साइट म्हणत असेल तरी १९३० च, आणि जितक्या लवकर तितकं बरं. ‘हरलेले पैसे परत काढून देतो, फी पाठवा’ म्हणणारा हा दुसरा ठग असतो. आणि खेळणाऱ्याने स्वतःचं बँक खातं कुणाला कमिशनवर वापरायला दिलं असेल तर तेच सगळ्यात आधी बंद करा. त्या खात्यातून दुसऱ्याच्या फसवणुकीचा पैसा फिरतो आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात.

दवाखाना

छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालय, नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूर आणि अंबाजोगाईचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सगळीकडे मनोविकृतीशास्त्र विभाग आहे. बाकी जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी चालते. केसपेपर काढताना मोघम ‘झोप लागत नाही’ एवढंच सांगू नका. “पैशाचा ऑनलाइन जुगार सुटत नाही” असं स्पष्ट सांगा. किती दिवसांपासून, किती गेले, दारू-तंबाखू किती, झोप कशी, जीव द्यायचा विचार आला का, हे एका कागदावर लिहून न्या. घरात कुणाला कंपवात असेल आणि औषधं सुरू झाल्यावर त्याला अचानक जुगाराचा नाद लागला असेल तर ते जरूर सांगा. त्यातल्या काही औषधांनी असं होतं आणि डॉक्टर औषध बदलू शकतात. स्वतःहून मात्र गोळी बंद करू नका.

उपचाराचा कणा म्हणजे समुपदेशन. त्याच्या डोक्यातला ‘आता निघणारच’ हा विचार पकडायला शिकवणं, ओढ आली की वीस-तीस मिनिटं कशी काढायची याचा सराव, मोकळ्या वेळेत काय करायचं याची आखणी. सोबत उदासी, चिंता किंवा दारू असेल तर त्यासाठी औषधं दिली जातात, आणि जुगाराची ओढ कमी करायला नालट्रेक्सोनसारखं औषधही काही जणांना डॉक्टर देतात. पहिले काही आठवडे चिडचिड, बेचैनी, अपुरी झोप राहते. तेव्हा घरच्यांना वाटतं की औषधाने बिघडला. थांबू नका, पुढच्या तारखेला जा. बुवाबाजीत आणि ‘एका इंजेक्शनात व्यसन बंद’ म्हणणाऱ्यात पैसे घालू नका.

बायकोसाठीही एक खुर्ची डॉक्टरसमोर असू द्या. बचत गटाचं, फायनान्सवाल्यांचं कर्ज बहुतेकदा तिच्या नावावर काढलेलं असतं, दर आठवड्याला दारात तिलाच उभं राहावं लागतं आणि ‘तूच सांभाळलं नाहीस’ हेही तिलाच ऐकावं लागतं. तिने आणखी कुठे सही करू नये, आणि सासरच्यांनी ती मागू नये. मारहाण होत असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

पुन्हा घसरला तर

बरेच जण एकदा तरी घसरतात. ते ठरवूनच चला, म्हणजे त्या दिवशी घरात काय करायचं हे आधी ठरलेलं असेल. त्याने त्याच दिवशी सांगायचं, सांगितलं तर कुणी ओरडायचं नाही. रक्कम वहीत लिहायची. पैसा कुठल्या वाटेने गेला ते शोधायचं: नवं सिम, मित्राचं यूपीआय, हातउसने, विकलेलं खताचं पोतं. ती वाट बंद करायची. ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्या आठवड्यातच डॉक्टरकडे जायचं. दवाखान्याची तारीख पट्टी येण्याच्या आठवड्यात पडत असेल, तर डॉक्टरांना सांगून ती अलीकडे घ्या, म्हणजे पैसा हातात येण्याआधी तो एकदा त्यांच्यासमोर बसलेला असेल.